काशीत संध्याकाळची नौकाफेरी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बनारसला निघालेले ओळखीचे लोक हमखास एकच प्रश्न विचारतात: गंगेची आरती घाटावरून बघायची की नावेतून? उत्तर पुढे येईलच, पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. आरती पाऊण तासाची असते. नावेतून दिसणारी काशी ही त्याआधीच्या दीड-दोन तासांची गोष्ट आहे, आणि बहुतेक जण नेमके तेच तास गमावतात. आरतीच्या तोंडावर, ती जिथे होते त्या दशाश्वमेध घाटावर पोचायचं, समोर येईल त्या नावेत बसायचं, नाव काठापासून थोडी आत जाऊन थांबते, आरती होते, परत उतरायचं. गंगेवर जाऊन आल्याचं समाधान मिळतं, पण घाट बघायचे राहून जातात.

आपल्यासाठी तर ते घाट म्हणजे निम्मा मराठी इतिहास आहे. पेशवे, होळकर, शिंदे, नागपूरकर भोसले, सगळ्यांची नावं तिथल्या दगडाला चिकटलेली आहेत. ती उजेडात बघता यावीत, खिसा कापला जाऊ नये आणि बरोबरच्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होऊ नयेत, एवढ्यासाठी हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

१. आधी महिना ठरवा

पावसाळ्यात नावेचा बेत करू नका. जुलै ते सप्टेंबर गंगा चढलेली असते, घाटांना जोडणारी खालची वाट पाण्याखाली जाते आणि प्रशासन नावा बंद करतं. वाराणसीत इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर धरतात. पाणी तिथवर यायची वाट बघितली जात नाही, त्याच्या बरंच आधी छोट्या नावा थांबतात. आरती मात्र थांबत नाही. पाणी पायऱ्या गिळत वर येतं तशी तीही वर सरकते, शेवटी गच्चीवर होते. म्हणजे श्रावणात गेलात तर आरती मिळेल, नाव बहुधा मिळणार नाही. तिकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, हेही लक्षात असू द्या. गर्दीचा अंदाज त्यावरून बांधा.

ऑक्टोबरात पाणी उतरतं, पण पायऱ्यांवर गाळाचा थर राहिलेला असतो आणि प्रवाहाला ओढ असते. नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे माझ्या मते सर्वांत चांगले महिने. डिसेंबर-जानेवारीत थंडी बोचरी असते आणि दाट धुकं पडलं तर नावा सुटत नाहीत किंवा समोरचा घाटच दिसत नाही. एप्रिल ते जून दिवसा भाजून निघायला होतं, त्यामुळे संध्याकाळी पाण्यावर बरं वाटतं. पण त्या दिवसांत अचानक वावटळ उठते, तिकडे तिला आँधी म्हणतात. नावाडी आकाशाकडे बघून "अभी नहीं" म्हणाला तर हुज्जत घालू नका.

देव दिवाळीबद्दल एक खास सूचना. आपल्याकडे कोकणात आणि इतरत्र देव दिवाळी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला मानतात. काशीची देव दिवाळी कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला असते. कॅलेंडरमधला 'देव दिवाळी' हा शब्द बघून तिकिटं काढाल तर सोहळा संपल्यावर पोचाल. त्या रात्री सगळे घाट पणत्यांनी उजळतात आणि नावांचे भाव नेहमीच्या कितीतरी पट होतात. नाव फार आधी ठरवावी लागते. पहिल्यांदाच जात असाल आणि बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील, तर त्या रात्री नावेचा हट्ट नको. पाण्यावर नावांची इतकी दाटी होते की पुढे-मागे हलताही येत नाही.

२. घड्याळ काशीचं धरा

मराठी प्रवाशांचा अंदाज सर्वांत जास्त इथे चुकतो. काशी मुंबईच्या सुमारे दहा अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तरी चाळीस मिनिटांचा फरक पडतो, आणि हिवाळ्यात तो आणखी वाढतो. डिसेंबरच्या मध्यात मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, काशीत पाच-दहाच्या सुमारासच. जूनमध्ये काशीचा सूर्यास्त पावणेसात-सहा पन्नासला होतो. तेव्हा "पाच वाजता चहा घेऊ आणि निघू" हा आपला नेहमीचा हिशेब हिवाळ्यात तिथे चालत नाही. चहा संपेपर्यंत अंधार झालेला असतो.

आरती सूर्यास्तानंतर असते: हिवाळ्यात सहाच्या सुमाराला, उन्हाळ्यात सातच्या सुमाराला. त्या दिवशीची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी विचारा आणि तिथून दोन तास मागे मोजा. तेवढ्या वेळी तुमचा पाय नावेत असायला हवा. हिवाळ्यात म्हणजे साधारण चार वाजता, उन्हाळ्यात पाचला.

रात्री चंद्रग्रहण असेल त्या दिवशी आरती दुपारीच उरकून घेतात. पंचांग बघायची सवय असेल तर हेही एकदा बघून ठेवा.

आणखी एक. गंगा काशीत उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट पश्चिम काठावर आहेत. सूर्य समोरच्या रेतीवरून उगवतो आणि शहराच्या मागे बुडतो. त्यामुळे दुपार कलली की घाटांच्या दर्शनी भिंती सावलीत जातात. कोरीव कामाचे स्वच्छ फोटो हवे असतील तर त्यासाठी पहाटेची वेगळी फेरी करा. संध्याकाळी मिळतो तो शहरामागचा तांबूस प्रकाश, त्यावर उमटलेली शिखरांची रेघ आणि हळूहळू लागत जाणारे दिवे. मला विचाराल तर पहिली फेरी संध्याकाळचीच करावी. शहराचा आकार, घाटांचा चंद्रकोरीसारखा बाक, याच वेळी नीट मनात बसतो.

३. नाव कोणती घ्यायची

साधारण चार प्रकार दिसतील.

वल्ह्यांची नाव: तिकडे वल्ह्याला चप्पू म्हणतात. चार-सहा माणसांना उत्तम. आवाज नाही, धूर नाही, घाटावरची घंटा, धोबी कपडे आपटतात तो आवाज, कुणाचं तरी गाणं, सगळं ऐकू येतं. वेग कमी, म्हणून वेळ हाताशी हवा. वेळ असेल तर दुसरं काही घेऊच नका.

मोटरबोट: दहा-वीस माणसांचा गट असेल, किंवा दक्षिणेच्या अस्सी घाटापासून पार उत्तरेच्या राजघाटापर्यंत जायचं असेल तर ही बरी. पूर्वी सगळ्या डिझेलवर धावायच्या. आता पुष्कळशा सीएनजीवर आणल्या आहेत आणि नमो घाटाजवळ तरंगता सीएनजी पंपही आहे. तरी बसण्याआधी इंजिन सुरू करायला सांगा. काळा धूर ओकत असेल तर दुसरी बघा.

बजडा: दुमजली, रुंद, वरच्या मजल्यावर खुर्च्या किंवा बैठक. लग्नाचं वऱ्हाड किंवा मोठं कुटुंब असेल तर सोयीचा. वर बसलं की दृश्य चांगलं दिसतं, पण पायऱ्या चढ-उतर करावी लागते.

क्रूझ: अलकनंदा क्रूझ २०१८ पासून सुरू आहे, नंतर आणखीही आल्या. वेळ ठरलेली, तिकीट आधी काढता येतं, बसायला खुर्ची, स्वच्छतागृह, ध्वनिक्षेपकावरून माहिती. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना घेऊन जात असाल तर मी हीच सुचवेन, कारण धक्क्यावरून चढणं तुलनेनं सोपं असतं. मात्र ती काठापासून लांबून जाते, हवी तिथे थांबत नाही. तिकिटावर बसण्याचा घाट कोणता लिहिला आहे ते नीट वाचा. अस्सी, रविदास घाट आणि नमो घाट ही तीन वेगळी ठिकाणं आहेत, आणि नमो घाट व बाकीच्या दोघांमध्ये अख्खं शहर आडवं येतं. गर्दीच्या वेळी एकीकडून दुसरीकडे जायला रिक्षाला तास सहज लागतो.

४. कुठून बसायचं

दशाश्वमेधावरून बसू नका. ही माझी सर्वांत ठाम सूचना आहे. तिथे गोदौलिया चौकाच्या पुढे गाड्या जाऊ देत नाहीत, गर्दीतून चालत जावं लागतं, दलाल तिथेच सर्वांत जास्त आणि भावही तिथेच चढे.

अस्सीवरून बसा. दक्षिण टोकाकडचा घाट, रिक्षा बऱ्यापैकी जवळ जाते, पायऱ्या रुंद आहेत. मुख्य म्हणजे नदी उत्तरेला वाहत असल्यामुळे अस्सीहून निघालं की प्रवाह पाठीशी असतो. वल्ह्यांची नाव आपसूक पुढे सरकते, नावाडी दमत नाही, बोलायला मोकळा असतो. परतीचा प्रवास प्रवाहाविरुद्ध असतो, म्हणून पुष्कळ नावाडी येताना घाई करतात किंवा परत यायचे जास्त पैसे मागतात. त्यावर उपाय पुढच्या टप्प्यात आहे.

मुक्काम राजघाट किंवा काशी स्थानकाच्या बाजूला असेल तर नमो घाटावरून निघा. तिथे उतार बांधलेला आहे, गाडी जवळपर्यंत येते, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही पाण्यापर्यंत नेता येतं. बाकीच्या घाटांवर हे जवळपास अशक्य आहे.

५. भाव ठरवताना

भाव करायला लाजू नका, पण अपमानही करू नका. नाव चालवणारे बहुतेक जण मल्लाह, म्हणजे निषाद समाजाचे. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले आहेत आणि पुराचे महिने त्यांना कमाईविना काढावे लागतात.

पैशाचा आकडा मी देत नाही. तो हंगामानुसार, वारानुसार, अगदी तासानुसारही बदलतो. घाटावर महानगरपालिकेचा दरफलक दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा, तिथून बोलणं सुरू करा. शिवाय मुक्कामाच्या ठिकाणी आणि घाटावरच्या चहावाल्याला वेगवेगळं विचारा. दोघांच्या उत्तरांच्या मध्ये खरा भाव असतो.

बोलायचं ते हे:

पहिलं, भाव माणशी की पूर्ण नावेचा? सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. चढताना ऐकलेला आकडा उतरताना "एक आदमी का" होतो. दुसरं, कुठून कुठे. "घाट दिखाएँगे" याला काही अर्थ नाही, घाटाचं नाव घ्या. तिसरं, आरती संपेपर्यंत थांबणार की नाही. चौथं, शेवटी उतरवणार कुठे. पाचवं, लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का.

हिंदीत एका दमात असं म्हणता येईल: "भैया, पूरी नाव का बताइए। अस्सी से पंचगंगा तक, लौटते हुए दशाश्वमेध पर आरती पूरी होने तक रुकना है, फिर वापस अस्सी। हम पाँच लोग हैं, जैकेट सबको चाहिए।" एवढं बोललात की समोरच्याला कळतं, या माणसानं विचार करून विचारलं आहे. अर्धं बोलणं तिथेच संपतं.

पैसे उतरल्यावर द्या. फार तर थोडे आधी, पूर्ण कधीच नाही. यूपीआय बरेच जण घेतात, पण घाटाखाली नेटवर्क दगा देतं, म्हणून सुट्ट्या नोटा ठेवा.

सापळे तीन-चार ठरलेले आहेत. "आरतीचं तिकीट" म्हणून कोणी पैसे मागेल. पायऱ्यांवर बसून आरती बघायला तिकीट नाही. कोणी "व्हीआयपी नाव" म्हणेल. ती आधीच काठाला बांधून ठेवलेली नाव असते, हलत नाही, तिच्यात बसून तुम्ही घाट बघणार नाही आहात. कोणी एका नावेचा भाव ठरवून पुढे नेऊन दुसऱ्याच्या नावेत बसवेल. तसं झालं तर भाव आणि अटी नव्या नावाड्यासमोर पुन्हा म्हणून घ्या. आणि "उस पार" रेतीवर घोडे-उंट दाखवायला नेण्याचा आग्रह होईल. तिथे जायला हरकत नाही, पण संध्याकाळच्या फेरीत नाही. अर्धा-पाऊण तास तिकडे गेला की घाट अंधारात बघावे लागतात.

६. बरोबर काय हवं

साध्या नावेला कागदपत्रं लागत नाहीत. क्रूझसाठी तिकिटाची प्रत आणि आधार किंवा दुसरं ओळखपत्र ठेवा. तिकीट फोनमध्ये असेल तर आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सामानात एवढं पुरे: पाण्याची बाटली, सुट्टे पैसे, उतरताना पायऱ्या दिसाव्यात म्हणून छोटी बॅटरी, फोनला गळ्यात अडकवायची दोरी, आणि हिवाळ्यात कानटोपी व शाल. काठावर उबदार वाटलं तरी सूर्य गेल्यावर पाण्यावरचा वारा अंगात शिरतो. पायात पकड असलेल्या, पट्ट्याच्या चपला घाला. लेदरचे बूट नकोत. मोठ्या पिशव्या, स्टेशनवरून आणलेलं सामान हे सगळं खोलीवर किंवा सामानघरात ठेवून या. आणि निघण्याआधी स्वच्छतागृहाला जाऊन या. साध्या नावेत सोय नसते आणि आरतीच्या दाटीत काठाला लागता येत नाही.

७. नावेत चढताना

उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं, त्यामुळे पायऱ्या जास्त उतराव्या लागतात आणि शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. वयस्कर माणसाला मधे ठेवा, पुढे एक आणि मागे एक. फळीवरून चढायचं असेल तर पाय फळीच्या मध्यावर, हात नावाड्याच्या हातात.

नावेवर किती माणसं बसवायची तो आकडा रंगवलेला असतो. भरल्यावर "अजून दोघं" म्हणून कुणाला घेऊ लागला तर उतरून जा. संकोच करू नका. लाइफ जॅकेट मांडीवर ठेवू नका, घाला, बंद लावा. मुलांच्या मापाचं वेगळं मागा. मोठ्या माणसाचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

काही छान दिसलं की सगळे एका बाजूला धावतात, नाव कलते. बसूनच बघा. दोन नावा एकमेकींजवळ येतात तेव्हा काठावर हात ठेवू नका. बोटं त्यात चिरडतात आणि आरतीच्या वेळी ही भीती सर्वांत जास्त असते.

हिवाळ्यात पांढरे कुरव पक्षी थव्यानं नावेभोवती येतात. शेवेची पुडी विकायला कोणीतरी येतंच. घेऊ नका. तळलेलं, तिखट-मिठाचं खाणं त्या पक्ष्यांना बाधतं. पक्षी तसेही नावेमागे येतात, फोटो तसेही मिळतात.

८. अस्सी ते पंचगंगा: काय ओळखायचं

घाट चौऱ्याऐंशी म्हणतात. सगळे लक्षात राहणार नाहीत, ठेवायचा प्रयत्नही नको. पुढचे मात्र डावीकडे बघत ओळखा. बरेचसे घाट भिंतीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहूनच उभे असतात.

अस्सी सुटलं की लगेच तुलसी घाट. तुलसीदासांचा शेवटचा काळ इथला. थोडं पुढे किल्ल्यासारखी भिंत दिसते, तो चेतसिंह घाट. ऑगस्ट १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं काशीचा राजा चेतसिंह याला इथे नजरकैदेत टाकलं होतं. राजा पागोट्यांचा दोर करून खिडकीतून उतरला आणि नावेतून निसटला. त्या भिंतीखाली नावेत बसून वर पाहिलं की तो उतार किती होता ते कळतं.

मग हरिश्चंद्र घाट येतो, काशीतल्या दोन स्मशानघाटांपैकी एक. त्यानंतर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा केदार घाट, वर केदारेश्वर. दक्षिण भारतीय यात्रेकरूंची इथे नेहमी वर्दळ. पुढचा राजा घाट बघायला विसरू नका: राघोबादादांचे दत्तकपुत्र अमृतराव पेशवे पुण्याचं राजकारण सोडून काशीत येऊन राहिले, त्यांच्या नावाशी हा घाट जोडलेला आहे. नावाडी बहुतेक वेळा न थांबता पुढे नेतो. सांगा, "राजा घाट पर धीरे।"

उंच खांबांचा, राजवाड्यासारखा दिसणारा दरभंगा घाट सगळ्यांच्या फोटोत असतो. त्याला लागून मुन्शी घाट; तो बांधणारे श्रीधर नारायण मुन्शी नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातले. मग अहिल्याबाई घाट. विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभं केलं हे आपण सगळे शाळेत शिकलो, पण त्यांचं नाव घेतलेला हा घाट आणि त्याला खेटून असलेला दशाश्वमेध पाण्यावरून एकत्र बघण्यात वेगळीच गंमत आहे.

दशाश्वमेधावर आता थांबू नका, परतताना यायचंच आहे. पुढे मानमंदिर घाट, नदीवर झुकलेला दगडी झरोका आणि गच्चीवर सवाई जयसिंहांची वेधशाळा. मग ललिता घाट, वर नेपाळी लाकडी मंदिर. इथूनच विश्वनाथ धामाच्या रुंद पायऱ्या थेट मंदिराकडे चढतात. १३ डिसेंबर २०२१ ला धामाचं लोकार्पण झालं. त्याआधी इथे अरुंद गल्ल्या आणि दाट घरं होती.

मणिकर्णिका हा दुसरा स्मशानघाट, त्याबद्दल पुढे सांगतो. तो झाल्यावर शिंदे घाट. तिकडे त्याला सिंधिया घाट म्हणतात. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३० च्या सुमारास तो बांधला. बांधकामाच्या वजनानं जमीन खचली. पायथ्याशी एका बाजूला कललेलं रत्नेश्वर मंदिर दिसेल, पावसाळ्यात ते महिनोन्‌महिने पाण्याखाली असतं. पुढे भोसले घाट: भरीव, उंच, वर बारीक खिडक्या, नागपूरकरांचा. मी तर म्हणेन की दशाश्वमेधापेक्षा या तुकड्याला जास्त वेळ द्या. गर्दी कमी, मराठी खुणा जास्त.

मग बालाजी मंदिर, जिथे उस्ताद बिस्मिल्ला खान सनईचा रियाझ करायचे. आणि पंचगंगा घाट. वर औरंगजेबाच्या काळातली मशीद. तिथे आधी बिंदुमाधवाचं मंदिर होतं. गंमत अशी की स्थानिक लोक त्या मशिदीच्या मनोऱ्यांना 'माधवराव का धरहरा' म्हणत, धरहरा म्हणजे मनोरा. ते उंच मनोरे आता नाहीत. आजचं बिंदुमाधव मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, बाजूलाच आहे. घाटावर दगडी दीपमाळ दिसते, ती अहिल्याबाईंची सांगतात. देव दिवाळीला पहिले दिवे तिच्यावर लागतात. पलीकडे दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. या गल्ल्यांत मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

इथून नाव वळवा. उजेड असेल तर उत्तरेला दूरवर मालवीय पूल दिसेल, १८८७ मध्ये तो डफरिन पूल म्हणून सुरू झाला.

९. मणिकर्णिकेसमोर

इथे चिता रात्रंदिवस जळत असतात. नाव लांबून न्या, नावाड्याला तसं सांगा. फोटो नाही, व्हिडिओ नाही, फोन खिशात. झूम करूनही नाही. कुणाच्या तरी घरातलं माणूस त्या लाकडांवर आहे. लहान मुलं विचारतील, त्यांना हळू आवाजात खरं ते सांगा. काशीत मरण लपवून ठेवत नाहीत.

इथे काठाला उतरवून "गरिबांच्या लाकडांसाठी दान द्या" म्हणून घेराव घालणारे लोक भेटतात. रक्कम ऐकून धक्का बसेल अशी असते आणि नकार दिला तर शाप देण्यापर्यंत मजल जाते. तिथे उतरूच नका. दान करायचंच असेल तर दिवसा, शांतपणे, पावती देणाऱ्या संस्थेला करा.

१०. आरती, नावेतून

आता तो पहिला प्रश्न. पुजारी चौथऱ्यांवर नदीकडे तोंड करून उभे असतात, म्हणून नावेतून त्यांचे चेहरे आणि दिव्यांची सगळी हालचाल समोरून दिसते. पायऱ्यांवर मागे बसलं तर बहुतेक वेळ पाठ दिसते. पण पायऱ्यांवर असताना माणसांच्या आवाजात आपण मिसळून जातो, ते नावेत होत नाही. दोन रात्री असतील तर एक इकडून, एक तिकडून. एकच असेल तर नाव.

आरतीच्या निदान वीस मिनिटं आधी नाव तिथे पोचायला हवी, तर पुढची रांग मिळते. मागून येणाऱ्या नावा तुमच्या नावेला चिकटून उभ्या राहतात आणि एक तरंगता चौक तयार होतो. मग चहावाले, दिवेवाल्या मुली एका नावेतून दुसरीत उड्या मारत येतात. एकदा अडकलात की संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही, म्हणून ज्यांना लवकर उठावं लागेल त्यांनी मागच्या कडेची जागा सांगून घ्या. दशाश्वमेध आणि शेजारच्या राजेंद्रप्रसाद घाटावर दोन आरत्या शेजारी-शेजारी चालतात. नाव दोन्हींच्या मधोमध लावली तर कोणतीच नीट दिसत नाही. एक निवडा.

शंख, धूप, बहुमजली दीप, नागफण्याचा कापूरदीप, चवरी, मोरपिसांचा पंखा असा क्रम साधारण असतो. मोबाइलची फ्लॅश बंद ठेवा. पाण्यात दिवा सोडायचा असेल तर पानाच्या द्रोणातला घ्या, प्लॅस्टिकच्या वाटीतला नको. पदर, ओढणी आवरून मगच काडी ओढा. वाऱ्यात ज्योत कुठेही वळते.

११. उतरणं आणि परतणं

आरती संपताच हजारो लोक एकदम गोदौलियाकडे निघतात. त्या लोंढ्यात शिरू नका. अस्सीला परत जाण्याचं ठरलं असेल तर सर्वांत उत्तम: प्रवाहाविरुद्ध हळूहळू, दिवे लागलेले घाट पुन्हा एकदा उजवीकडून बघत. नावाडी "यहीं उतर जाइए, पास ही है" म्हणाला तर ठरलेलं बोलणं आठवण करून द्या. पैसे अजून तुमच्याकडेच आहेत.

मुक्काम गोदौलियाजवळ असेल तर दशाश्वमेधावर न उतरता थोडं दक्षिणेला, राणामहल किंवा चौसट्टी घाटावर उतरवायला सांगा. तिथल्या गल्ल्यांतून बंगाली टोला या वस्तीकडे निघता येतं आणि गर्दी टळते. गल्ल्या अरुंद आणि अंधाऱ्या आहेत, गाई आडव्या बसलेल्या असतात. बॅटरी लावा, वयस्कर माणसांचा हात धरा. मुख्य रस्त्यावर आल्यावरच ई-रिक्षा ठरवा, आणि तिथेही आधी विचारा, माणशी की पूर्ण.